कुड्याच्या शेंगेची साक्ष

पूर्वी शोणपूर नगरीत राजा रेणुमित्र राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी वैद्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्यांचे नाव विशोक. बारा वर्षे गुरूच्या घरी राहून त्यांनी आयुर्वेद शिकून घेतला आणि तिशी गाठण्याआधीच ते राजवैद्य झाले. माणूस शहाणा, हाताला यश, मनात लोभ नाही. दोष म्हणाल तर एकच होता. त्यांना कचरा अजिबात सहन होत नसे.

राजाचे औषधी भांडार त्यांच्या ताब्यात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते कानाकोपऱ्यांसह झाडून घेतले. हिरडे एका बाजूला, सुंठ दुसऱ्या बाजूला, मधाच्या गाडग्यांना फडकी बांधलेली. सगळे मनासारखे झाले. एक कोपरा तेवढा काही केल्या स्वच्छ राहीना. तिथे कुड्याच्या सालीच्या जुड्या रचलेल्या असत.

कुडा हे काही दुर्मिळ झाड नव्हे. डोंगरउतारावर ते आपोआप वाढते, उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरून जाते, आणि इतके कडू असते की गुरेसुद्धा त्याला तोंड लावीत नाहीत. पण पोटात मुरडा येऊन आव पडू लागली, रक्त पडू लागले, की वैद्याला पहिली आठवण कुड्याची होते. सालीचा काढा आव थांबवतो आणि रक्त धरतो. मूळव्याधीला साल ताकातून देतात. बियांना इंद्रजव म्हणतात, ते जंतांवर आणि मुरलेल्या तापावर चालतात. पावसाळ्याच्या शेवटी नद्यांचे पाणी गढूळ असते, त्या दिवसांत कुड्याची साल नसलेले भांडार म्हणजे मीठ नसलेले स्वयंपाकघर.

ही साल डोंगरावरचे वनवासी लोक काढून देत आणि गाडीवान ती नगरात आणीत. त्यांची प्रमुख कुरंगी नावाची एक बाई होती. तिच्या लोकांची एक जुनी चाल होती. ज्या झाडाची साल, त्याच झाडाच्या शेंगांची एक जोडी ते जुडीला वेलीने बांधून पाठवीत. शेंगा वाळल्या की उकलत आणि आतल्या बियांचा मऊ कापूस भांडारभर उडे. तो हिरड्यांत शिरे, सुंठीला चिकटे, मधावर तरंगे. भांडारी पिंगल रोज केरसुणी घेऊन त्याच्यामागे धावत असे.

बोधिसत्त्वांनी आज्ञा केली, "यापुढे शेंगा नकोत. नुसती साल घ्या, स्वच्छ." पिंगलाने आज्ञा ताडपत्रावर लिहिली, बोधिसत्त्वांनी तिच्यावर मुद्रा उमटवली, आणि डोंगरावर निरोप गेला. शेंग का बांधता, असे मात्र कोणी विचारले नाही. रानातल्या लोकांच्या शंभर चाली असतात, त्यातलीच ही एक असेल, असे सर्वजण धरून चालले. पिंगलाला तर आनंदच झाला.

नऊ वर्षे गेली. या वर्षांत बोधिसत्त्वांचे नाव दूरवर पसरले. सौम्य दुखणी तशीही आठ दिवसांत बरी होतात आणि त्यांचे श्रेय वैद्याला मिळते, हे वैद्यांना ठाऊक असते. ते कोणाला सांगत नाहीत एवढेच.

दहाव्या वर्षी भाद्रपदात नदीला मोठा पूर आला. पाणी ओसरले आणि नगरात रक्ताच्या हगवणीची साथ सुरू झाली. राजाची एकुलती एक मुलगी मृणाला सात वर्षांची होती. तीही आजारी पडली. बोधिसत्त्वांनी कुड्याच्या सालीचा काढा सुरू केला. त्यात नागरमोथा घातला, अतिविषाची मुळी घातली. सहा दिवस काढा चालला. मुलीला उतार पडला नाही. तिचे डोळे खोल गेले, पाणी मागण्याचेही तिच्यात त्राण उरले नाही. नगरातून येणाऱ्या बातम्याही अशाच होत्या.

सातव्या दिवशी सकाळी बोधिसत्त्व भांडारात गेले, कुड्याच्या जुड्या सोडल्या आणि एकेक तुकडा चावून पाहिला. कुड्याची साल जिभेवर ठेवली की तोंड वेडेवाकडे व्हायला हवे. दहा जुड्यांपैकी सात जुड्यांची साल सपक लागली. आजवर काढ्यातल्या इतर औषधांच्या चवीत हा सपकपणा कोणाच्या लक्षात आला नव्हता. बोधिसत्त्व तसेच राजाकडे गेले आणि म्हणाले, "महाराज, साल खोटी आहे."

"जुडीवर गाठ कोणाची?" राजाने विचारले.

"कुरंगीची, महाराज," त्यांच्यामागून आलेला पिंगल म्हणाला. "नेहमीची वेलीची गाठ आहे."

रेणुमित्र क्रूर राजा नव्हता. पण सहा रात्री मुलीच्या उशाशी बसून काढलेला बाप होता तो. तो म्हणाला, "तिला पकडून आणा. ज्या हाताने ही जुडी बांधली, तो हात उद्या सकाळी सर्वांदेखत तोडा."

दुपारपर्यंत कुरंगीला आणून कोठडीत घातले. बोधिसत्त्व तिला भेटायला गेले. एवढ्या वर्षांत दोघांची कधी गाठ पडली नव्हती. साठीची काटक बाई, हात सालीच्या चिकाने काळे पडलेले. बोधिसत्त्वांनी सालीचा तुकडा तिच्यापुढे धरला.

"कुरंगीबाई, तुमच्या जुडीत ही खोटी साल कशी आली?"

तिने तुकडा चावला आणि थुंकून टाकला. "ह्यो काळा कुडा हाय, वैद्यबाबा. रंगारी ह्याच्या पाल्याचा निळा रंग काढत्यात. हगवणीला ह्याचा काय उपेग?"

"पण गाठ तुमची आहे."

"गाठ माझी, साल माझी न्हाई. गाठ सोडून परत बांधाया कितीसा येळ लागतुया? काळा कुडा खाली रस्त्याच्या कडंला हाय, पांढरा वर कड्यावर. साल नगरात आनणारे गाडीवान कशाला वर चढत्यात? आमची बरीच साल दुसरीकडं इकली आन् तेवढी खालची भरली आसंल. ते जाऊ द्या. हिची शेंग कुठं हाय?"

"कसली शेंग?" बोधिसत्त्वांनी विचारले, पण विचारतानाच त्यांना नऊ वर्षांपूर्वीची आपली आज्ञा आठवली.

"जुडीची शेंग. दोनी कुड्यांच्या साली वाळल्या का सारख्याच दिसत्यात. शेंगा न्हाई दिसत. दोनीच्या शेंगा जोडीनं लागत्यात, पर पांढऱ्याच्या जोडीचे शेंडे सुटे, पसरलेले. काळ्याचे शेंडे जुळलेले, नमस्कार घातल्यावानी. आमची पोरं चालाया लागली का पयलं हेच शिकत्यात: हात पसरील तो खरा, हात जोडील तो खोटा. आंधळ्यालाबी चाचपून कळतं. त्यासाटीच शेंग बांधत हुतो आमी. मग तुमच्या भांडारातनं सांगावा आला, शेंगा नको, कचरा व्हतो. म्हनलं, आसंल कुनी शाना बसलेला तितं."

 तो शहाणा आपल्यापुढेच बसला आहे, हे तिला माहीत नव्हते.

ते उठले तेव्हा ती म्हणाली, "वैद्यबाबा, राजाला येक सांगाल का? तोडायचाच आसंल तर डावा तोडा म्हनावं. डाव्या हातानं कोयता चालत न्हाई माझा. झाडाला उगा जास्तीची जखम व्हती."

भांडाराकडे परत येताना बोधिसत्त्वांना फार लाज वाटत होती. नऊ वर्षे ज्या स्वच्छतेचे त्यांना कौतुक होते, तिनेच हा घात केला होता. नगरात कितीजण मेले असतील याचा अंदाज त्यांनी करून पाहिला आणि तो त्यांना सोसवला नाही.

त्यांनी पिंगलाकडून जुनी ताडपत्रे मागवली. हवे ते पान सापडले. आज्ञा स्पष्ट होती, मुद्राही स्पष्ट होती. पिंगलानेही ते वाचले आणि त्याला सगळे समजले. त्याने दार लोटून घेतले.

"वैद्यराज," तो हळूच म्हणाला, "पान एकच आहे, आणि काढ्याची चूल पेटलेली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि त्या बाईचा हात?"

"वाईट वाटतं, मी काय दगड आहे? पण नीट विचार करा. राजाचा राग तुमच्यावर उलटला आणि तुमचा हात गेला, तर राजकन्येला औषध कोण देणार? नगरातल्या रोग्यांना कोण बघणार? रानातल्या एका म्हातारीचा हात एकीकडे, तुमचा हात दुसरीकडे. तुमच्या हातानं हजारो जगतील."

पिंगल लबाडीने बोलत नव्हता. त्याचे बोलणे बरोबर वाटत होते, आणि म्हणूनच बोधिसत्त्वांना त्याची भीती वाटली. खोट्या सालीलाही कुड्यासारखाच रंग होता.

ते म्हणाले, "पिंगल, साल ओळखायची खूण आपणच केरात टाकली, म्हणून ही वेळ आली. आता हे पानही चुलीत टाकलं, तर शेंग का बांधायची हे पुढच्या वैद्याला कसं कळणार? तोही एक दिवस भांडार झाडायला निघेल." त्यांनी पान उपरण्यात गुंडाळले आणि थेट राजवाड्यात गेले. सकाळची वाट पाहिली नाही.

राजा मुलीच्या खाटेजवळ होता. प्रधान आणि दोन सेवक दाराशी उभे होते. बोधिसत्त्वांनी ताडपत्र राजापुढे ठेवले आणि घडलेले सगळे सांगितले: शेंगा कशासाठी असत, त्या कोणी बंद केल्या, गाडीवानांनी त्याचा फायदा कसा घेतला.

"गाडीवान चोर आहेत, हे खरं," ते म्हणाले. "पण दार मी उघडं टाकलं. कुरंगीबाईंना शिक्षा झाली तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं होईल. खोट्या सालीसाठी हात तोडायची आज्ञा आपण दिली आहे. त्या पानावर मुद्रा या हातानं उमटवली." आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

राजाने त्या हाताकडे पाहिले. "तुमच्यावर विश्वास ठेवून मी माझ्या लेकीला सहा दिवस ते पाणी पाजलं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "आधी मुलगी. मग हात."

कुरंगीला सोडले. गाडीवानांना धरून कोठडीत घालायला शिपाई गेले. दिवस मावळायला अजून प्रहरभर अवकाश होता. राजाने स्वतःचा रथ दिला आणि कुरंगी व बोधिसत्त्व डोंगराच्या पायथ्याशी पोहोचले. तिथून वर पायवाट होती. दम लागलेल्या राजवैद्यांना कुरंगीने दोनदा हात देऊन वर घेतले. तिला आता सगळे कळले होते.

"तुमीच का तो शाना?" तिने चढता चढता विचारले.

"मीच."

"मग जरा बिगीबिगी चला, शाने."

कड्याजवळ पांढऱ्या कुड्याची झाडे होती. फांद्यांना हिरव्या शेंगांच्या जोड्या लटकत होत्या, आणि प्रत्येक जोडीचे शेंडे सुटे होते. बोधिसत्त्वांनी हजारो रोग्यांना कुडा दिला होता. उभे झाड ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. कुरंगीने झाडाला हात लावून पुटपुटत काहीतरी म्हटले. मग उगवतीच्या बाजूची चार बोटे रुंद आणि वीतभर लांब अशी एकच पट्टी प्रत्येक झाडाची काढली, आणि जखमेवर शेण लिंपले. सभोवार साल सोलली तर झाड मरते. पट्टी काढलेल्या झाडाला तिचे लोक पुढे तीन पावसाळे हात लावीत नसत.

ओली साल घेऊन ते वाड्यात परतले. बोधिसत्त्वांनी ती तांदळाच्या धुवणात कुटली, तिचा गोळा जांभळाच्या पानांत गुंडाळून दर्भाने बांधला, वर मातीचा जाड लेप दिला आणि तो निखाऱ्यात ठेवला. माती लाल झाल्यावर गोळा फोडून आतला रस पिळला, त्यात मध घातला आणि मुलीला चमच्या-चमच्याने पाजला. पहिला घोट जाताच मृणालेने तोंड वेडेवाकडे केले. सहा दिवसांत तिने तोंड वाकडे केले नव्हते. ते पाहून कुरंगी दारातूनच म्हणाली, "हां. ह्यो कुडा."

तिसऱ्या दिवशी रक्त थांबले. पाचव्या दिवशी मुलीने पेज मागितली आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रारही केली. तोवर कुरंगीचे सगळे लोक डोंगरावरून साल आणत होते, नगराच्या चौकाचौकांत निखारे पेटले होते, आणि साथ हळूहळू ओसरत गेली. जे मेले ते मात्र परत आले नाहीत.

साथ संपल्यावर राजाने सभा बोलावली. बोधिसत्त्व स्वतःहून येऊन उभे राहिले. राजाच्या मनात आता राग उरला नव्हता, पण प्रधानादेखत दिलेला शब्द होता, आणि मुलगी वाचली म्हणून शब्द मागे घेतला तर ज्यांची मुले गेली ते काय म्हणतील, हेही त्याला दिसत होते.  तेव्हा मागच्या रांगेतून कुरंगी पुढे आली.

"म्हाराज, माझा हात तुमी तोडनार हुता, म्हून मला यात बोलायचा हक हाय. ह्यो हात तोडून त्याचं करायचं काय? कुत्रं सुदीक खानार न्हाई, औषदाचा वास येतुया. त्यापरास ह्या वैद्यबाबाला भांडाराच्या दारात बसू द्या. जी जुडी आत जाईल, तिची शेंग त्यानं आपल्या हातानं चाचपायची आन् आपल्या हातानं परत बांधायची. मरस्तवर. त्यो हात आजपासनं त्याचा न्हाई, शेंगांचा."

सभेत कोणी हसले नाही. ज्या घरांत माणसे गेली होती, त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आधी मान डोलावली. मग राजाने निर्णय दिला. राजवैद्याचे आसन बोधिसत्त्वांकडून काढून घेतले आणि त्यांच्या शिष्याला दिले. बोधिसत्त्व भांडाराच्या दारात गोणपाटावर बसले. पिंगलाने पान जाळायला सुचवले होते, हे मात्र त्यांनी कधीही कोणाला सांगितले नाही.

ते तिथे एकतीस वर्षे बसले. लोक औषध विचारायला येत तेव्हा ते सांगत. पण कुड्याची जुडी आली की बोलणे थांबवून आधी शेंग चाचपीत. पुढे त्या राज्यात असा नियम झाला, की ज्याला वैद्य व्हायचे असेल त्याने पहिले वर्ष कुरंगीच्या लोकांबरोबर डोंगरावर काढावे. भांडारात पुन्हा बियांचा कापूस उडू लागला. म्हातारपणी तो त्यांच्या केसांत अडकलेला असे, आणि ते तो झटकीत नसत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका आमराईतल्या विहारात सांगितली. त्या दिवसांत विहारातले दोन आजारी भिक्षू औषध घेऊन अधिकच आजारी झाले होते. औषधात धम्मिनी नावाच्या वृद्ध उपासिकेने दिलेला मध होता. मधच नासका असणार, असे बोलले गेले, आणि दाराशी असलेल्या स्थविराने, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्षूने, तिचे मधाचे गाडगे लागोपाठ तीन दिवस परत पाठवले. ती दर वेळी गाडगे घेऊन परत गेली. प्रत्यक्षात औषधाचे भांडे रात्रभर उघडे राहिले होते. हे औषधशाळा सांभाळणाऱ्या सुभूम नावाच्या भिक्षूला माहीत होते. दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते.

कथा संपवून शास्त्यांनी पूर्वजन्मीची नाती उलगडली. "त्या वेळचा राजा रेणुमित्र म्हणजे दाराशी गाडगे परत करणारा आपला हा स्थविर. राजकन्या मृणाला म्हणजे त्या दोन आजारी भिक्षूंपैकी धाकटा. कुरंगी म्हणजे उपासिका धम्मिनी. तेव्हाही दुसऱ्याचे खापर तिच्याच माथी फुटले होते. आणि वैद्य विशोक तो मीच होतो."

"भन्ते, आणि पिंगल?" एकाने विचारले.

"पिंगल इथेच बसला आहे," शास्ते म्हणाले. "तेव्हा मी त्याचे नाव राजाला सांगितले नाही. आजही सांगणार नाही."

 मागच्या बाजूला सुभूम उठून उभा राहिला. बोलण्याआधी हात जोडायची रीत असते. त्याने ते जोडण्यासाठी उचलले आणि मध्येच थांबला, मग दोन्ही हात सर्वांपुढे पसरले आणि म्हणाला, "भन्ते, भांडे मी उघडे टाकले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मिनीच्या घरून मधाचे गाडगे आणायला तो स्वतः गेला. चूक न होण्यात सत्यपारमी, म्हणजे सत्याची परिपूर्णता, नाही; आपली चूक दुसऱ्याच्या हातावर न ठेवण्यात ती आहे, असे शास्त्यांनी त्या दिवशी शिकवले.